प्रश्न फक्त खबऱ्याचा होता : जेरोनिमो प्रॅट यांची सत्तावीस वर्षं

कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे : "ब्लॅक पँथर पार्टी या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेचे जेरोनिमो प्रॅट एका खुनासाठी २७ वर्षं तुरुंगात होते. खुनाच्या दिवशी ते शेकडो किलोमीटर लांब होते, मुख्य साक्षीदार पोलिसांचा खबरी होता आणि वकील होते पुढे नामांकित झालेले जॉनी कॉक्रन. तरी इतकी वर्षं का लागली? आणि सुटले तेव्हा कोर्टाने त्यांना निर्दोष ठरवलं का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, म्हणून आधी देतो. नाही, निर्दोष ठरवलं नाही. "हा खून प्रॅट यांनी केला नाही" असं १९९७ च्या निकालात कुठेही लिहिलेलं नाही. निकाल एवढाच सांगतो, की साक्षीदाराबद्दलची महत्त्वाची माहिती ज्युरीपासून दडवली गेली, म्हणून ज्युरीने दिलेल्या दोषसिद्धीवर विसंबता येत नाही, म्हणून ती रद्द. पहिल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच दडलं आहे. मी आयुष्यभर फौजदारी वकिली केली, तीही बहुतेक बचाव पक्षाच्या बाजूने. या खटल्याकडे बघताना सगळ्यांचं लक्ष "खून कोणी केला" याकडे जातं. कोर्टात मात्र २५ वर्षं भांडण दुसऱ्याच गोष्टीवर चाललं होतं : मुख्य साक्षीदार ज्युलियस बटलर खबरी होता का, आणि असला तर त्याने काय बिघडतं?

आधी माणूस. एल्मर प्रॅट यांचा जन्म १९४७ चा, लुइझियानातल्या मॉर्गन सिटीचा. वडील भंगारचा धंदा करत. प्रॅट सैन्यात गेले, व्हिएतनाममध्ये दोनदा लढून आले, शौर्यपदकं मिळवली आणि १९६८ मध्ये लॉस एंजेलिसला येऊन कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकू लागले. तिथे बंची कार्टर या पँथर नेत्याने त्यांना पक्षात ओढलं. जेरोनिमो हे नाव त्याच काळातलं. जानेवारी १९६९ मध्ये विद्यापीठाच्या आवारातच कार्टर आणि जॉन हगिन्स यांचा प्रतिस्पर्धी संघटनेच्या माणसांनी गोळ्या घालून खून केला, आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या शाखेची सूत्रं बाविशीही न गाठलेल्या प्रॅट यांच्याकडे आली. सैन्यात शिकलेलं त्यांनी इथे वापरलं. पक्षाच्या कार्यालयाच्या भिंतींना आतून वाळूची पोती लावून घेतली. ८ डिसेंबर १९६९ च्या पहाटे लॉस एंजेलिस पोलिसांच्या नव्या स्वॅट (विशेष सशस्त्र) पथकाने त्या इमारतीवर छापा घातला, काही तास गोळीबार चालला, आणि तरीही आतलं कोणी मेलं नाही. चारच दिवसांपूर्वी शिकागोत फ्रेड हॅम्प्टन हा पँथर नेता पोलिसांच्या छाप्यात अंथरुणातच मारला गेला होता. ही दोन घरं शेजारी ठेवली की प्रॅट सरकारच्या डोळ्यांत का सलत होते ते कळतं.

आता एफबीआय, म्हणजे अमेरिकेची केंद्रीय तपास यंत्रणा. तिचे प्रमुख एडगर हूव्हर यांच्या काळात या यंत्रणेने कोइंटेलप्रो नावाचा गुप्त कार्यक्रम चालवला. १९५६ मध्ये तो कम्युनिस्टांविरुद्ध सुरू झाला, १९६७ मध्ये कृष्णवर्णीय संघटनांवर वळवला. मार्च १९६८ च्या एका आदेशात कृष्णवर्णीय चळवळीला एकत्र आणू शकेल असा "मसीहा" उभा राहू द्यायचा नाही, हे उद्दिष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. निनावी पत्रं पाठवणं, एका गटाला दुसऱ्यावर सोडणं, खबरे पेरणं, क्षुल्लक कारणांवरून अटका घडवणं, अशी त्याची पद्धत. १९७० च्या लॉस एंजेलिस कार्यालयाच्या टिपणात प्रॅट यांना पक्षकार्यकर्ता म्हणून निष्प्रभ करण्यासाठी काय करता येईल याचा सतत विचार चालू आहे, असं नोंदलेलं आहे. हे कागद खटल्याच्या वेळी बचाव पक्षाकडे नव्हते. मार्च १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया या गावी काही युद्धविरोधी नागरिकांनी एफबीआयचं कार्यालय फोडून फायली पळवल्या, तेव्हा कोइंटेलप्रो हे नाव पहिल्यांदा बाहेर आलं. सगळा पसारा उघडा पडला तो पुढे गुप्तचर यंत्रणांची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या चर्च समितीपुढे, १९७५-७६ मध्ये. प्रॅट तोवर शिक्षा भोगत होते.

गुन्हा असा. १८ डिसेंबर १९६८ ची संध्याकाळ, सांता मोनिका शहरातलं टेनिस कोर्ट. २७ वर्षांची एक शाळाशिक्षिका आणि तिचा नवरा खेळायला आले होते. दोन कृष्णवर्णीय तरुणांनी त्यांना लुटलं, हाती लागले १८ डॉलर, आणि जाताना दोघांवर गोळ्या झाडल्या. नवरा वाचला, शिक्षिका काही दिवसांनी गेली. दोन वर्षं तपास जागचा हलला नाही. डिसेंबर १९७० मध्ये प्रॅट यांना टेक्सासमधल्या डॅलसला वेगळ्याच प्रकरणात अटक झाली आणि मग हा खून त्यांच्या नावावर लागला.

तो लागला एका लिफाफ्यामुळे. बटलर हा पूर्वी शेरीफच्या खात्यात नोकरीला होता, नंतर केशरचनेचं दुकान चालवत असे, आणि पँथर पक्षात होता. कार्टरच्या मृत्यूनंतर नेतृत्व आपल्याकडे येईल अशी त्याची अपेक्षा होती. ते प्रॅट यांच्याकडे गेलं आणि वर प्रॅट यांनी त्याला पक्षाबाहेर काढलं. ऑगस्ट १९६९ मध्ये त्याने एका पोलीस सार्जंटकडे बंद पत्र दिलं : माझं बरंवाईट झालं तरच उघडा. सार्जंटने ते चौदा महिने न उघडता ठेवलं. ऑक्टोबर १९७० मध्ये उघडलं तेव्हा आत मजकूर होता, की सांता मोनिकाचा खून आपण केल्याची फुशारकी प्रॅट यांनी आपल्यासमोर मारली होती.

आपल्या भाषेत हा न्यायालयाबाहेरील कबुलीजबाब. एका माणसाने दुसऱ्याला खासगीत सांगितलं, आणि तो दुसरा कोर्टात येऊन सांगतो. आपली न्यायालयं याला दुबळा पुरावा म्हणत आली आहेत, कारण सगळा भार सांगणाऱ्याच्या खरेपणावर. सांगणारा आरोपीचा वैरी असेल तर प्रश्न, पोलिसांचा माणूस असेल तर त्याहून मोठा प्रश्न, आणि बटलर दोन्ही होता. पहिली गोष्ट ज्युरीला कळली. दुसरी कळली नाही.

१९७२ च्या खटल्यात तो शपथेवर सरळ म्हणाला की आपण कुठल्याही पोलीस यंत्रणेचे खबरी नाही. कॉक्रन यांनी उलटतपासणीत त्याला यावरच धरलं होतं. पण उलटतपासणी हातातल्या कागदावर चालते. हातात काही नसताना साक्षीदार "नाही" म्हणाला की वकिलाला पुढे सरकावं लागतं, तिथे कितीही मोठा वकील असो. बटलर एफबीआयच्या संपर्कात वारंवार होता, एफबीआयच्या कागदांत त्याची नोंद उमेदवारीतला खबरी अशी होती, आणि जिल्हा सरकारी वकिलांच्या कार्यालयातल्या गोपनीय खबऱ्यांच्या पेटीत त्याच्या नावाचं कार्ड होतं, हे सगळं खटल्याच्या आधीचं. शिवाय त्याच्यावर स्वतःवर गंभीर गुन्हे दाखल होते आणि त्यात तो तुरुंगात न जाता प्रोबेशनवर, म्हणजे नीट वागण्याच्या अटीवर सुटला होता.

इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो, कारण गोंधळ नेहमी होतो. खबऱ्याचं नाव गुप्त ठेवायचा पोलिसांना अधिकार असतो. आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १२५ तेच म्हणत होतं, २०२४ मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या नव्या कायद्यातही ते संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. नाहीतर कोण माहिती देईल? पण ते पडद्यामागून माहिती देणाऱ्यासाठी. तोच माणूस पिंजऱ्यात येऊन "आरोपीने मला कबुली दिली" असं सांगत असेल तर तो आता साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराचं पोट कोणाच्या अंगणात भरतं हे ऐकणाऱ्यांना कळलंच पाहिजे. अमेरिकेत हे १९७२ मध्ये नवीन नव्हतं. साक्षीदार खोटं बोलतो आहे हे माहीत असून सरकार पक्षाने गप्प बसायचं नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये नापू खटल्यात सांगितलं होतं. आरोपीला अनुकूल पुरावा दडवायचा नाही, हे १९६३ च्या ब्रेडी खटल्यात. आणि साक्षीदाराला दिलेलं आश्वासन सरकार पक्षातल्या दुसऱ्याच कोणी दिलं असलं तरी ते उघड करावं लागतं, हे जिग्लिओ खटल्यात, फेब्रुवारी १९७२ मध्ये. प्रॅट दोषी ठरले त्याच वर्षीच्या जुलैत. कायदा कमी पडला असं म्हणायला जागा नाही.

बचावाचं काय चुकलं, हेही प्रामाणिकपणे बघावं लागतं. प्रॅट म्हणत होते की त्या दिवशी आपण ऑकलंडला पक्षाच्या बैठकीत होतो. म्हणजे सुमारे सहाशे किलोमीटर उत्तरेला. बैठकीला पक्षाचे बडे नेते होते, त्यामुळे साक्षीदारांची वाण नव्हती. पण १९७१ मध्ये पक्ष उभा फुटला होता, पक्षाचे एक संस्थापक ह्यूई न्यूटन एकीकडे आणि दुसरे बडे नेते एल्ड्रिज क्लीव्हर दुसरीकडे. प्रॅट क्लीव्हर गटाचे मानले गेले आणि न्यूटन गटातलं कोणीही त्यांच्यासाठी साक्षीला आलं नाही. एल्ड्रिज यांच्या पत्नी कॅथलीन क्लीव्हर अल्जीरियाहून येऊन साक्ष देऊन गेल्या, पण त्या आरोपीच्याच गटाच्या. पक्षाचे दुसरे संस्थापक बॉबी सील आणि इतरांनी तोंड उघडलं ते खूप वर्षांनी. ही फूट पिकवण्यात एफबीआयच्या खोट्या पत्रांचा हात होता, हेही नंतरच बाहेर आलं. म्हणजे आधी आरोपीचे साक्षीदार तोडले गेले आणि मग विचारलं गेलं, की तुझे साक्षीदार कुठे आहेत?

दुसरा घाव स्वतःच्या हाताने बसला. हल्लेखोर दाढीमिशी नसलेले होते असं वर्णन होतं, आणि प्रॅट यांना दाढीमिशी असे. ते सिद्ध करायला त्यांच्या भावाने एक पोलरॉइड फोटो दाखल केला, १९६८ च्या नाताळातला म्हणून. सरकार पक्षाने पोलरॉइड कंपनीचा माणूस उभा केला. फोटोच्या मागच्या क्रमांकावरून त्याने सांगितलं की ही फिल्म तयारच १९६९ मध्ये झाली आहे. झालं. भाऊ तारखेत चुकला असेल, किंवा मदत करायच्या भरात बोलला असेल. ज्युरीला एवढंच दिसलं, की बचाव पक्ष बनाव रचतो आहे. कुटुंबीयांनी आणलेला एक गळका कागद बाकीचे दहा खरे कागद बुडवतो, हे मी माझ्या अशिलांना पहिल्याच भेटीत सांगत असे.

आणि ओळख. वाचलेल्या नवऱ्याने कोर्टात प्रॅट यांच्याकडे बोट दाखवलं. कोणी जखमी माणूस समोर उभा राहून "हाच तो" म्हणतो तेव्हा ज्युरीवर काय परिणाम होतो ते सांगायला नको. मात्र त्याने आधीच्या एका ओळख परेडमध्ये दुसऱ्याच माणसाला ओळखलं होतं, हे ज्युरीला कधीच सांगितलं गेलं नाही. इतकं सगळं सरकार पक्षाच्या बाजूने असूनही ज्युरी कित्येक दिवस अडकून पडली होती. २८ जुलै १९७२ ला तिने दोषी ठरवलं. जन्मठेप. (मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीही याच वर्षी. ज्या पँथर्सवरून ते नाव घेतलं, त्यांचा लॉस एंजेलिसचा नेता तेव्हा गजाआड जात होता.)

पहिली आठ वर्षं प्रॅट एकांत कोठडीत होते. खटल्याआधीच, नोव्हेंबर १९७१ मध्ये, त्यांच्या गरोदर पत्नीचा खून झाला होता. पॅरोल सोळा वेळा नाकारला गेला. पॅरोल मंडळापुढे पश्चात्ताप दाखवावा लागतो, आणि न केलेल्या गुन्ह्याचा पश्चात्ताप दाखवायला ते तयार नव्हते. १९८७ च्या सुनावणीत तर सरकारी वकिलांचा एक मुद्दा असा होता, की हा अजूनही क्रांतिकारक आहे आणि बाहेर याला मानणारे लोक आहेत. खून मागे पडून राजकारण पुढे आलं, तेही सरकारच्या तोंडून.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे. बटलर आणि एफबीआय यांचे संबंध दाखवणारे कागद सत्तरच्या दशकाच्या शेवटी माहितीच्या कायद्याखाली बाहेर आले. स्टुअर्ट हॅनलन हे कायद्याचे विद्यार्थी असतानाच या प्रकरणात शिरले होते, ते पुढे वकील होऊन हेच लढत राहिले. १९८० मध्ये प्रकरण कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयापुढे गेलं. कागद समोर होते. तरी दोन विरुद्ध एक मतांनी अर्ज फेटाळला गेला. बहुमताचं म्हणणं साधारण असं : बटलर माहिती देत असेल, पण हे संबंध कळले असते तरी निकाल बदलला असता असं दिसत नाही. एका न्यायमूर्तीने भिन्नमत नोंदवलं, ते विद्यार्थ्यांनी वाचण्यासारखं आहे.

म्हणून "पुरावा सापडला तरी का सुटले नाहीत" हा प्रश्न मुळात थोडा तिरका आहे. पुरावा १९८० मध्येच सापडला होता. अडलं ते मोजपट्टीवर. दडवलेला पुरावा किती मोठा असला म्हणजे निकाल हलतो? ही पट्टी सर्वोच्च न्यायालयाने पुढे सैल केली. १९८५ च्या बॅगली खटल्यात "निकाल वेगळा लागण्याची रास्त शक्यता" ही कसोटी आली. १९९५ च्या काइल्स खटल्यात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या : दडवलेल्या बाबी सुट्या सुट्या न तोलता एकत्र तोलायच्या, आणि पोलिसांना जे माहीत आहे ते सरकारी वकिलाला माहीत नसलं तरी जबाबदारी त्याचीच. या दुसऱ्या वाक्याने प्रॅट प्रकरणातला सरकार पक्षाचा जुना बचाव गेला. सरकारी वकिलाला स्वतःला ठाऊक होतं की नव्हतं, हा वादच उरला नाही.

मधल्या काळात राज्याच्या आणि केंद्राच्या न्यायालयांनी अर्ज फेटाळतच ठेवले. एफबीआयचे निवृत्त अधिकारी वेस्ली स्वेअरिंजन यांनी जाहीरपणे सांगितलं की प्रॅट यांना अडकवलं गेलं आणि ते ऑकलंडला होते हे एफबीआयला चोरून ऐकलेल्या फोनवरून ठाऊक होतं. नेमक्या त्या दिवसांच्या नोंदी मात्र मिळाल्या नाहीत. चुकीच्या शिक्षांचा शोध घेणाऱ्या सेंच्युरियन मिनिस्ट्रीज या संस्थेचे जिम मॅक्लॉस्की यांनी नव्याने तपास केला आणि दोन वेगळ्या माणसांकडे बोट दाखवलं, पण ते दोघेही तोवर मेलेले होते. मेलेल्याकडे बोट दाखवणं फौजदारी वकिलाला नेहमीच सोयीचं असतं, म्हणून मी या भागावर फार भर देत नाही. कोर्टानेही दिला नाही.

१९९६ मध्ये हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे कैद बेकायदा आहे म्हणून सोडा असा, नवा अर्ज आला आणि एक योगायोग घडला. १९७२ चे सरकारी वकील तोवर लॉस एंजेलिसच्याच न्यायालयात न्यायाधीश झाले होते, म्हणून प्रकरण शेजारच्या ऑरेंज काउंटीत न्यायाधीश एव्हरेट डिकी यांच्याकडे गेलं. डिकी हे रिपब्लिकन, रेगन यांनी गव्हर्नर असताना नेमलेले, आणि तो जिल्हाही पुराणमतवादी म्हणून प्रसिद्ध. पँथर नेत्याला तिथे काही मिळेल असं कोणालाच वाटत नव्हतं. पण डिकी यांनी बटलरला पुन्हा साक्षीला बोलावू दिलं, आणि कॉक्रन यांनी चोवीस वर्षांनी त्याच माणसाची उलटतपासणी घेतली. या वेळी हातात कागद होते. खबऱ्याचं कार्डही होतं. बटलर खबरी हे लेबल नाकारतच राहिला, फक्त माहिती देत होतो म्हणाला. २९ मे १९९७ ला डिकी यांनी दोषसिद्धी रद्द केली : तो खबरी होता, त्याने शपथेवर खोटं सांगितलं, आणि त्याची साक्ष बाजूला काढली तर सरकार पक्षाची बाजू भक्कम राहत नाही. १० जूनला प्रॅट २५,००० डॉलरच्या जामिनावर बाहेर आले.

यापुढचं बहुतेक लेखांतून गळतं. सरकारी वकील गिल गार्सेटी यांनी या निकालाविरुद्ध अपील केलं. म्हणजे आणखी दीड वर्षाहून जास्त काळ प्रॅट जामिनावरचे आरोपी होते. फेब्रुवारी १९९९ मध्ये अपील न्यायालयाने डिकी यांचा निकाल कायम केला आणि तेव्हाच गार्सेटी यांनी फेरखटला न चालवण्याचं ठरवलं. २००० मध्ये नुकसानभरपाईच्या दाव्यात तडजोड होऊन ४५ लाख डॉलर मिळाले : २७.५ लाख लॉस एंजेलिस शहराकडून, १७.५ लाख केंद्र सरकारकडून, एफबीआयसाठी. बटलरवर खोट्या साक्षीचा खटला भरला गेला नाही. प्रॅट पुढे टांझानियात अरुशाजवळ राहिले आणि जून २०११ मध्ये तिथेच वारले, ६३ व्या वर्षी.

शेवटी अभ्यासाचं. आपल्याकडे आरोपपत्रासोबत सरकार पक्ष ज्यांच्यावर विसंबतो ते कागद आरोपीला मिळतात. ज्यांच्यावर विसंबत नाही त्यांची निदान यादी तरी दिली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सांगितलं आहे. ती यादी मागायचा अर्ज पहिल्या तारखेलाच द्यायची सवय लावून घ्या. बरेच वकील अजून देत नाहीत. आणि प्रॅट प्रकरण वाचायचंच असेल तर चरित्रापासून सुरुवात करू नका. कॅलिफोर्निया अपील न्यायालयाचा १९८० चा निकाल भिन्नमतासह वाचा आणि लगेच त्याच न्यायालयाचा १९९९ चा. साक्षीदार तोच, आरोपी तोच, बटलर आणि एफबीआय यांचे मुख्य कागदही दोन्हीकडे आहेत. कोणत्या परिच्छेदाला दोन निकालांच्या वाटा वेगळ्या होतात ते पेन्सिलीने खूण करून ठेवा.